गाणी भरून देणारं दुकान बंद झालं, मग गाणी गेली कुठे?

जव्हारला एसटी स्टँडपासून थोडं चाललं की माझ्या काकांचं दुकान होतं. बाहेर पुठ्ठ्यावर लिहिलेलं असायचं, 'गाणी भरून मिळतील'. आधी कॅसेटमध्ये, मग सीडीवर, मग मोबाइलच्या मेमरी कार्डात. पाटी तीच राहिली, गाणी कशात भरायची ते बदलत गेलं. मागच्या दिवाळीत काकांनी गाळा सोडला आणि तीन खोकी माझ्यासमोर आणून ठेवली. म्हणाले, "तू इंजिनिअर ना? यातलं काय ठेवायचं आणि काय भंगारात द्यायचं, ते सांग."

पहिल्या खोक्यात तबकड्या होत्या, दुसऱ्यात कॅसेटी आणि तिसऱ्यात जुनी मेमरी कार्डं. माझा अंदाज असा होता की तबकड्या सगळ्यांत मौल्यवान, कॅसेटी कचरा आणि कार्डांचं काम दहा मिनिटांत होईल. तिन्ही अंदाज चुकले. ते का चुकले हे समजून घेताना आवाज साठवण्याचं अख्खं तंत्र समजतं, म्हणून हा लेख.

तबकडीत आवाज असतो म्हणजे नेमकं काय?

आवाज म्हणजे हवेची थरथर. तबकडीवर एक लांबलचक खाच असते, बाहेरून आत वळत जाणारी. त्या खाचेच्या भिंती आवाजाप्रमाणे नागमोडी कोरलेल्या असतात. सुई त्यातून गेली की ती तशीच थरथरते आणि तोच आवाज मोठा करून आपल्याला ऐकू येतो. बास, इतकंच. म्हणून चावीचा ग्रामोफोन विजेशिवायही वाजायचा.

भारतात १९०२ साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला आणि १९०८ मध्ये तिथेच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. सुरुवातीच्या या तबकड्या लाखेच्या असत. हो, तीच लाख, जी झाडावरच्या किड्यांपासून मिळते. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं. हातातून पडली की तुकडे. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइल प्लास्टिकची एलपी आली, मिनिटाला ३३ फेऱ्यांची. खाच बारीक झाली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मावायला लागली.

काका सांगतात, त्यांच्या लहानपणी लग्न म्हटलं की लाउडस्पीकरवाला तबकड्यांची पेटी घेऊन यायचा आणि भोंगा झाडावर बांधायचा. पहिल्या खोक्यातल्या बऱ्याच तबकड्या अशाच एका लाउडस्पीकरवाल्याकडून आलेल्या आहेत.

मग तबकडी मागे का पडली?

१९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. लोक म्हणतात कॅसेट स्वस्त होती, छोटी होती, म्हणून जिंकली. ते खरंच आहे, पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. तबकडी फक्त वाजवता येते. कॅसेटमध्ये भरताही येतं.

तबकडी काढायची तर मुंबई-कलकत्त्यातला स्टुडिओ हवा, साचा हवा, दाबयंत्र हवं आणि खर्च निघण्याइतक्या प्रती खपायला हव्यात. कॅसेटला फक्त टेपरेकॉर्डर आणि लाल बटण लागतं. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटींचा पूर आणला आणि त्याच काळात काकांसारख्यांची दुकानं गावोगाव उभी राहिली.

पुढे एमपीथ्री आलं. १२८ केबीपीएसला एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतं. म्हणजे १ जीबीच्या कार्डात पाच मिनिटांची दोनशे गाणी. मग डेटा स्वस्त झाला आणि कार्डाचीही गरज उरली नाही. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तिथे जव्हारच्या गाळ्याचं काय!

पण तबकड्या तर परत आल्यात ना?

हो, आल्यात. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा व्हिनाइल जास्त विकलं गेलं, सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विरुद्ध ३ कोटी ३० लाख सीडी. १९८७ नंतर पहिल्यांदा असं झालं. संग्राहकांचं वेड त्याहून जुनं आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात सत्तरच्या दशकात अमेरिकी सोल संगीताच्या, कुणी विचारत नसलेल्या तबकड्या शोधणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला. फ्रँक विल्सन यांची १९६५ ची एक तबकडी, जिच्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याच प्रती उरल्यात, ती २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली.

आपल्याकडेही असे लोक आहेत. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक चालवलं आणि जुन्या तबकड्यांची माहिती नोंदवून ठेवली.

पण संग्राहकाचं गणित साधं असतं. किंमत जुनेपणाला नसते, दुर्मीळपणाला असते. काकांच्या खोक्यात हिंदी-मराठी सिनेमांची गाजलेली गाणी निघाली. त्यांच्या हजारो प्रती निघाल्या होत्या आणि ती गाणी आज फोनवर लगेच सापडतात. आठवण म्हणून ठेवा, पण ती हरवण्याची भीती नाही.

खरा ऐवज दुसऱ्या खोक्यात होता

कॅसेटींमध्ये छापील कव्हरच्या खूप होत्या. त्यांच्या खाली मात्र काकांच्या अक्षरातल्या बावीस कॅसेटी निघाल्या. 'तारपा', 'बोहाडा', 'लग्न, धवलेरी' आणि पुढे मोखाड्याकडच्या पाड्यांची नावं. लोक काकांना टेप घेऊन बोलवायचे, काका भरायचे आणि एक प्रत आपल्याकडे ठेवायचे.

तारपा तुम्हाला माहीत असेलच. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण यांचं वाद्य. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि त्याच्याभोवती नाच फिरतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यामुळे हे वाद्य दूरवर पोचलं. आता विचार करा, तासन्तास चालणारा नाच तीन मिनिटांच्या तबकडीत कसा मावणार? आणि कारखान्याला परवडतील इतक्या प्रती कोण घेणार? काकांच्या पहिल्या खोक्यात तारप्याची एकही तबकडी नव्हती, ते उगाच नाही. इथल्या गाण्यांना परवडलेलं पहिलं माध्यम कॅसेट होतं. म्हणजे ज्या कॅसेटींना मी कचरा समजत होतो, त्याच मूळ प्रती होत्या. इंग्लंडमधल्या त्या तबकडीपेक्षाही दुर्मीळ, कारण प्रत एकच.

आणि ती मरत होती. कॅसेटच्या फितीवर चुंबकीय पूड गोंदाने चिकटवलेली असते. जव्हारचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चार महिने कपाट ओलं असतं. सहा कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी आली होती.

तिसरं खोकं: सगळं किंवा काहीच नाही

तबकडीवर ओरखडा आला तर 'टक' आवाज येतो, गाणं पुढे चालतं. फीत खराब झाली तर आवाज मळकट होतो, पण ऐकू येतो. मेमरी कार्डाचं तसं नसतं. त्यात माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलं तर तो भार झिरपू शकतो. शिवाय कंट्रोलर चिप गेली की अख्खं कार्ड गेलं. अकरापैकी चार कार्डं लॅपटॉपने ओळखलीच नाहीत. सगळ्यांत नवीन माध्यम सगळ्यांत आधी गेलं.

जी उघडली त्यांत वेगळी अडचण. फोनवर रेकॉर्ड केलेला तारपा मध्येच दबल्यासारखा वाटत होता. बऱ्याच फोनमध्ये गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर असतं. ते माणसाचं बोलणं ठेवतं आणि पंख्यासारखा सलग आवाज दाबतं. तारप्याचा सूर सलग चालतो, म्हणून सॉफ्टवेअर त्यालाच पंखा समजू शकतं! त्यात ती फाइल व्हॉट्सॲपवरून फिरली की आणखी दाबली जाऊ शकते.

घरी कॅसेट असतील तर काय करायचं?

१. लगेच वाजवू नका. आधी झाकणातून फीत बघा. पांढरे डाग दिसले तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. एकीची बुरशी प्लेअरमधून दुसरीला लागते. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्या.

२. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा. आवाज बोदा येत असेल तर हेडचा कोन बिघडलेला असू शकतो. हेडजवळचा बारीक स्क्रू वाजत्या कॅसेटवर हळूच फिरवा, एका जागी आवाज एकदम स्वच्छ होतो.

३. फोन स्पीकरसमोर धरू नका. प्लेअरच्या लाइन आउटमधून वायर काढून यूएसबी साउंड कार्डात लावा. लॅपटॉपचं माइकचं भोक यासाठी नसतं.

४. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. तासाभराच्या कॅसेटला साधारण १ जीबी लागतं. आवाज सगळ्यांत मोठा असतानाही काटा लाल पट्ट्यात जाता कामा नये.

५. मूळ फाइलमधली खरखर काढू नका. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा. आज जी खरखर वाटते त्यात उद्या कुणाला पैंजण सापडतील.

६. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या गावात.

तबकड्यांसाठी एक जादाची गोष्ट. मुद्रण करताना खर्जातला आवाज मुद्दाम कमी करतात, वाजवताना तो परत वाढवावा लागतो. म्हणून मध्ये फोनो प्रीॲम्प हवाच, नाहीतर आवाज पातळ येतो. आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीला रुंद सुई लागते. एलपीची सुई तिच्या खाचेच्या तळाशी घासते.

फाइलपेक्षा नाव महत्त्वाचं

'ट्रॅक ०१' नावाची फाइल दहा वर्षांनी कुणाच्याच कामाची नसते. कोण गातंय, कुठला पाडा, कुठला प्रसंग, कोणतं साल, कुणी भरलं, हे फाइलसोबत लिहून ठेवा. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आज वापरता येतात, कारण गाणारीचं नाव आणि गाव यांची नोंद आहे. १९८२ पासून चालू असलेलं, आता गुरुग्राममध्ये असलेलं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं अभिलेखागार अशी मुद्रणं जपण्याचंच काम करतं.

ही माहिती मिळवायला मी काकांसोबत मोखाड्याकडच्या एका पाड्यावर गेलो. धवलेरीची कॅसेट लावली. एक मावशी ऐकता ऐकता गप्पच झाल्या. आवाज त्यांच्या आईचा होता. घरात आईचा फोटोही नव्हता. थोड्या वेळाने मी विचारलं, "मावशी, यूट्यूबवर टाकू का? सगळ्यांना ऐकता येईल." त्या म्हणाल्या, "नको रे दादा. हे लग्नातच म्हणायचं असतं. मला दे, माझ्या पोरीला दे."

मला हा प्रश्न तांत्रिक वाटत होता, तो तसा नव्हता. कॅसेट काकांची, लॅपटॉप माझा, पण गाणं त्यांचं. मग आम्ही ठरवलं की आधी गाणाऱ्यांच्या घरी प्रत जाईल आणि पुढे कुठे द्यायचं ते त्यांना विचारून ठरेल.

बावीसपैकी चौदा कॅसेटी झाल्या आहेत. बुरशीच्या सहा जाणकाराकडे द्यायच्या आहेत, दोन तुटलेल्या आहेत. तबकड्या काकांनी घरी ठेवल्या. कार्डं रिकामी करून, नवीन घेऊन, आम्ही पाड्यावर प्रती पोचवतोय. तुमच्या माळ्यावर हाताने लिहिलेली कॅसेट असेल, तर पुढच्या पावसाच्या आत ती खाली काढा.