शेवटचा शब्द कमांड लाइनचा

फोटो आणि कागदपत्रं रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवणारी माझी बॅश स्क्रिप्ट आधी चार ओळींची होती. डिस्कचा पत्ता तिच्यातच लिहिलेला. पुढे दुसरी डिस्क आली, दुसरा संगणक आला आणि पत्ता बाहेर काढावा लागला.

एकाक्षरी ऑप्शनांसाठी बॅशमधलं 'गेटऑप्ट्स' पुरतं. पण रोज तेच ऑप्शन कोण टाइप करणार? म्हणून कॉन्फिग फाइल. ती 'सोर्स' करून घेणं सगळ्यात सोपं, आणि तिथेच धोका आहे. 'सोर्स' केलेली फाइल नुसती वाचली जात नाही, चालवली जाते. तिच्यात कुणी काही मिटवायची कमांड लिहिली असेल तर तीही चालते. मी 'नाव=किंमत' अशा ओळी एकेक करून वाचतो. अनोळखी नाव दिसलं की स्क्रिप्ट थांबते. नाहीतर स्पेलिंग चुकलेलं नाव गुपचूप गळतं आणि प्रत जुन्याच जागी पडत राहते.

खरा गुंता मात्र क्रमाचा. रूढ पद्धत अशी: तळाशी स्क्रिप्टमधले डिफॉल्ट, त्यावर कॉन्फिग फाइल, त्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि सगळ्यांवर कमांड लाइन. पण कोणती कॉन्फिग फाइल घ्यायची हेही कमांड लाइनच सांगते! म्हणजे जिचा शब्द शेवटचा, तीच आधी वाचायची. तिथल्या किमती लगेच लागू केल्या तर मागून येणारी फाइल त्या पुसून टाकते. त्या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायच्या, फाइल वाचून झाली की वर चढवायच्या. पायथनच्या 'आर्गपार्स'मध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो: हाती आलेली किंमत वापरणाऱ्याने दिली की डिफॉल्टमधून आली, हे ओळखता येत नाही. म्हणून तिथे डिफॉल्ट रिकामा ठेवलेला बरा.

एसएसएच उलट्या वाटेने तिथेच पोचतं. आधी कमांड लाइन, मग वापरकर्त्याची फाइल, मग सगळ्या यंत्राची. जी किंमत पहिल्यांदा सापडेल ती कायम. म्हणून सर्वांना लागू होणारी नोंद फाइलच्या शेवटी हवी. ती वर ठेवणारे लोक खालच्या खास नोंदी का लागत नाहीत म्हणून हैराण होतात.

कोणती किंमत कोणत्या फाइलमधून आली हे गिट 'शो-ओरिजिन' दिल्यावर सांगतं. तशी सोय प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असावी, असं माझं ठाम मत आहे. माझ्या स्क्रिप्टला '-एन' दिलं की ती प्रत्येक किंमत आणि तिचा उगम छापते आणि काही न करता थांबते. ही खबरदारी हवीच, कारण प्रती उतरवणाऱ्या आरसिंकला 'डिलीट' ऑप्शन दिलेला असताना पत्ता चुकला, तर त्या जागेवरच्या फायली जातात.

आणि पासवर्ड कमांड लाइनवर कधीच घेऊ नका. त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या वापरकर्त्याला तो 'पीएस'मध्ये सहसा सरळ दिसतो.