जुन्या जीपचे इंजिन : पहिला खर्च कशावर?

आपल्या भंडारा जिल्ह्यात जुनी जीप ही काही नवलाईची वस्तू नव्हे. तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूर, साकोली, लाखनी येथील बाजारांना कापडाचे गठ्ठे नेणारे आम्ही व्यापारी वर्षानुवर्षे याच गाड्यांच्या भरवशावर राहिलो. काळी-पिवळी म्हणून सवारी वाहणाऱ्या कमांडर जीपा तर लहान मुलांनीही पाहिल्या आहेत. आता त्याच गाड्या शौकीन तरुण शोधून शोधून विकत घेतात आणि गॅरेजमध्ये आणून म्हणतात, "उस्ताद, इंजिनमध्ये जान आणा. टर्बो बसवा." हातात रक्कम मर्यादित असते आणि इच्छा मात्र दहा. अशा वेळी पहिला खर्च कशावर करावा, हा सवाल ग्राहकाइतकाच आपल्या कारागीर बांधवांचाही आहे. कारण इंजिन बसले तर लोक मालकाला विचारत नाहीत, मिस्त्री कोण होता ते विचारतात.

जीप बनवणारी कंपनी १९४५ साली "महिंद्र अँड मोहम्मद" या नावाने सुरू झाली होती, हे आजच्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे आधी अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. असो.

आपल्याकडे येणाऱ्या जुन्या डिझेल जीपांत मुख्यतः दोन इंजिने सापडतात. एक प्यूजोच्या परवान्याचे २११२ सीसीचे, साधारण ६० अश्वशक्तीचे. यात डिझेल हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारले जाते, म्हणून थंडीत हीटर प्लगशिवाय ते सुरू व्हायला कुरकुरते. दुसरे २५२३ सीसीचे डायरेक्ट इंजेक्शनचे. ते ओढीला दमदार असते, पण आवाज जास्त करते. गाडीत कोणते इंजिन आहे ते आधी पाहावे. मागील मालकाने बदललेले असू शकते, आणि आरसी बुकात वेगळेच लिहिलेले असते.

आता मुद्द्यावर येतो. ताकद वाढवायची म्हणजे जास्त हवा आणि जास्त डिझेल जाळायचे. जास्त जाळले की उष्णता जास्त. अशा जुन्या इंजिनात जळलेल्या डिझेलपैकी फार तर एक तृतीयांश शक्ती चाकाच्या कामी येते. बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. ती बाहेर पडण्याची वाट तुंबलेली असेल आणि वरून टर्बो बसवला, तर हेड वाकडे होते किंवा तडकते. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांवर जातो, गाडीत गठ्ठे भरलेले असतात आणि समोर घाट नसला तरी चिखलाचा रस्ता असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की पहिला रुपया तपासणीवर आणि दुसरा रेडिएटरवर खर्च व्हावा.

आंधळगावचा विणकर कोशाच्या साडीचा पदर कितीही सुंदर काढेल, पण ताणा कच्चा असेल तर माल माझ्या दुकानात येऊन परत जातो. इंजिनाचा ताणा म्हणजे कॉम्प्रेशन. ते मापण्याचे गेज फार महाग नाही, तरीही बरेच मिस्त्री कानाने अंदाज घेतात. चारही सिलेंडरचे आकडे घ्यावेत आणि कागदावर लिहावेत. आकडे किती मोठे यापेक्षा ते एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचे. एक सिलेंडर दहा-पंधरा टक्क्यांनी मागे असेल तर काहीतरी झिजले आहे. पेट्रोल इंजिनात त्याच सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मापावे. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर गेला, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन फार जास्त असते, तेथे हा प्रयोग जाणत्या हातानेच करावा.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा राहून राहून येत असेल तर पाणी किंवा न जळलेले डिझेल. ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून भकाभक वाफ येत असेल तर टर्बोची गोष्ट सोडा, बोअर आणि ओव्हरसाइज पिस्टन हेच पहिले काम. मात्र आकडे चांगले असतील तर केवळ हौस म्हणून इंजिन उघडू नये. चालू इंजिन उघडण्याचा मोह कारागिराला मजुरीमुळे होतो आणि मालकाला उत्साहामुळे.

रेडिएटरचे काम तांब्या-पितळेचे. पितळेच्या भांड्यांवर नाव कमावलेल्या भंडाऱ्याला झाळणीचे धडे मी काय देणार! पण नळ्या आतून तुंबतात, कारण लोक विहिरीचे खारे पाणी भरतात. नळ्या उघडून साफ कराव्या, झाकणाचा दाब तपासावा, पंख्याचा पट्टा आणि पंख्याभोवतीचे कडे जागेवर आहे का पाहावे, मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरावे. आपल्याकडे एक वाईट रिवाज आहे. इंजिन तापले की थर्मोस्टॅट काढून फेकतात. त्याने तापण्याचे मूळ कारण जात नाही. उलट हिवाळ्यात इंजिन थंडच फिरते, डिझेल जास्त पिते आणि बोअर लवकर झिजतो. तापमानाचा काटा बंद असेल तर तो आधी चालू करावा. बंद काट्याने गाडी चालवणे म्हणजे वहीशिवाय उधारी देणे.

त्यानंतर फ्युएल पंप आणि नोझल. नोझल थेंब सोडत असेल तर डिझेल जळण्याऐवजी पिस्टनवर मारा करते. पंप बेंचवर लावून कॅलिब्रेट करून घेतला आणि टायमिंग बरोबर केले, तर पुष्कळ वेळा मालक स्वतःच म्हणतो की आता टर्बो नको. इंजिनाची हरवलेली ताकद परत आणणे हे नवी ताकद विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडते. एअर फिल्टरबाबतही घाई करू नये. जुना ऑइलचा फिल्टर दिसायला गावठी, पण खेड्यातील धुळीत तो चांगले काम देतो. फक्त त्यातले ऑइल बदलत राहावे.

पेट्रोल जीप किंवा पद्मिनी असणाऱ्यांचा क्रम थोडा वेगळा. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पोहोचले. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे रबर त्यात फुगते, चिरते आणि गळते. गरम इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे काय ते सांगायला नको. तेथे तपासणीनंतर लगेच नळ्या बदलाव्या, रेडिएटर त्यानंतर.

ब्रेक इंजिनाचा भाग नाही, पण या जीपांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. नागपूर-साकोली महामार्गावर, ज्याचा जुना क्रमांक ६ जाऊन आता ५३ झाला, तेथे ट्रकांमध्ये वेग वाढवायचा तर थांबण्याची सोय आधी हवी.

कागदांचेही पाहावे. इंजिन बदलल्यास आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद लागते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध वाहनात फेरबदल करता येणार नाहीत असा निर्णय दिला आहे. खासगी गाडी १५ वर्षांची झाली की पुनर्नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर आलाच. परवानगीशिवाय दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवलेली एमएच ३६ ची जीप तपासणीच्या दिवशी अडते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

गॅरेजवाल्या बंधूंना एक व्यवहाराची सूचना. तपासणीची मजुरी वेगळी लावावी, फुकट करू नये. आकडे बिलावर लिहून ग्राहकाची सही घ्यावी. त्याने ऐकले नाही आणि टर्बोच मागितला, तर तेही लिहून घ्यावे. काम झाल्यावर गाडी पहिले ५०० किलोमीटर हलक्या पायाने चालवायला सांगावी, मग परत बोलावून ऑइल बदलावे, टॅपेट तपासावे, पाण्याची पातळी पाहावी आणि कॉम्प्रेशन पुन्हा मापून जुन्या कागदाशेजारी लिहावे.