मासळीच्या गाडीचा पत्रा

मासळी वाहणाऱ्या गाडीला गंज आतून लागतो. हर्णै बंदरावर लिलाव उरकला की बर्फात दाबलेले क्रेट हौद्यात चढतात. दापोलीचा चढ लागेपर्यंत बर्फ पाझरायला लागतो. चढाला ते खारं पाणी फाळक्याकडे धावतं, उताराला केबिनकडे, आणि जिथे दोन पत्रे एकावर एक दाबून जोडलेले असतात तिथे शिरून बसतं. वरून रंग शाबूत असतो. धुतलेली गाडी उन्हात चकाकते. आत मात्र पत्रा रोज थोडाथोडा जात असतो.

मामाची टाटामोबाइल २०७ अशीच गेली. आधी मासळी, मग हापूसच्या पेट्या, मध्येच कधी चिरा, कधी लग्नाच्या मांडवाचे खांब. मामाने धंदा मुलाच्या हाती दिला, मुलाने नवी गाडी घेतली आणि ही घरामागे झावळ्यांच्या आडोशाला उभी राहिली. टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल बाजारात आणली. पुढे तिच्याच पायावर १९९१ची सिएरा उभी राहिली. सिएराचे चाहते आज शोधून शोधून जुन्या गाड्या विकत घेतात. जिच्या सांगाड्यावर ती आली त्या पिकअपला मात्र कोकणात ‘क्लासिक’ वगैरे कोणी म्हणत नाही. भंगारवाला तिला वजनावर मागतो.

“वजनावर द्यायला ती काय रद्दी आहे?” मामा म्हणाला, आणि खळ्यात मांडव घालून घेतला.

पत्रा कापून नवा बसवायचं काम दिवाळीनंतरच काढायचं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे चार महिने हवा ओलीच. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाला गंज झपाट्याने चढू लागतो आणि पावसाळ्यात तर ती ९०च्या आसपास घुटमळते. पत्रा घासून चकचकीत करावा आणि सकाळी उठून बघावं तर त्यावर पिवळसर झाक. शिवाय समुद्र जवळ असला की पाऊस नसतानाही सुटका नाही, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरड्या दिसणाऱ्या पत्र्यावरसुद्धा मिठाच्या कणाभोवती ओलाव्याचा पातळ थर असतो. गंज चढायला एवढा ओलावा पुरतो. मीठ स्वतः लोखंड खात नाही, पण पाण्यातून वीज सहज वाहू देतं आणि गंजाच्या क्रियेला लागतं ते हेच.

मिस्त्री आले ते हातात छोटी हातोडी घेऊनच. दापोलीच्या एका गॅरेजात त्यांची हयात गेली, आता घरीच असतात. मामाने त्यांना आधी बॉनेट दाखवलं, मग दारं. मिस्त्रींनी रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली बसले आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यावर हातोडीच्या दांड्याने टकटक करत सरकत गेले. धड पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला थपथप. त्यांनी खडूने एक रेघ ओढली, मग दुसरी. रंगाचा फुगा होता जेमतेम रुपयाएवढा, खडूची हद्द झाली वीतभर.

“मामा, हे वरचं सोडा. सीट काढा, मॅट काढा.”

पायाखालची रबरी मॅट निघाली. तिच्याखालची नमद्याची जाड पट्टी अजून ओलसर होती. ती उचलली तर ड्रायव्हरच्या टाचेखालच्या जागेतून थेट खळ्याचं सारवण दिसलं. भोकाच्या कडेने गंजाचे पापुद्रे सुटले होते, खारी बिस्किटाचे सुटतात तसे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणूनच जोडावर दाबून बसवलेले दोन पत्रे त्याच्या फुगण्याने एकमेकांपासून उचकटतात, मग फटीत आणखी पाणी जातं आणि चक्र चालू राहतं. पिकअपमध्ये असे जोड ठरलेले आहेत: दाराची खालची दुमडलेली कड, पुढच्या मडगार्डचा मागचा कोपरा (चाकाने उडवलेला चिखल इथे वर्षानुवर्षं कोंबला जातो), पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, केबिन आणि हौदा यांच्यामधली अरुंद बोळ, आणि फाळक्याची पोकळ दुमड. या जागा ज्याने बघितल्या त्याने गाडी बघितली. बाकी रंग बघून गाडी घेणाऱ्यांवरच गॅरेजवाले जगतात.

आता आपल्याकडच्या रूढ पद्धतीबद्दल. भोक पडलं की त्यावर पत्र्याचा तुकडा आडवा टाकायचा, कडेने झाळून घ्यायचा, वरून बोटभर लांबी थापायची, पाणीपेपर मारायचा, रंग द्यायचा. काम दिवसभरात उरकतं, पैसेही कमी पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फुगा येतो. दोष मिस्त्रीच्या हाताचा नसतो, पद्धतीचाच असतो. जुन्या पत्र्यावर नवा टाकला की मध्ये एक खिसा तयार होतो आणि पाण्याला तोच हवा असतो. त्यात लांबीमध्ये शंखजिऱ्याची भुकटी असते, ती ओलावा शोषून घेते. अशा उघड्या लांबीवर ओला पाणीपेपर घासणं म्हणजे पत्र्याला आपल्या हाताने पाणी पाजणं. आमच्या मिस्त्रींनीही उभी हयात हेच केलं. विचारलं तर सरळ सांगतात, “गिऱ्हाइकाला संध्याकाळी गाडी पायजे असायची. कोण थांबतंय?”

घरी काम काढण्याचा मोठा फायदा हाच, की थांबता येतं.

म्हणून खडूच्या रेघेबाहेर आणखी दोन बोटं जाऊन, जिथे पत्रा चांगला जाड आणि पांढरा लागला तिथे ग्राइंडरने कापलं. कापण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या, डिझेलची टाकी उतरवली, केबिनच्या आतलं फोम आणि वायरिंग बाजूला घेतलं. पाण्याची बादली आणि ओली गोणपाटं हाताशी ठेवली. कोपरा कापून निघाला तेव्हा आत मूठ-दोन मूठ माती, सुकलेली पानं आणि माशाचे खवले निघाले. खवले कुठून आले हे विचारण्यासारखं नव्हतं.

ठिगळासाठी पत्रा कुठला घ्यायचा यावर मामा आणि मिस्त्री यांचं थोडं वाजलं. मामाकडे घराच्या छपराचा नवा कोरा पत्रा उरला होता. मिस्त्रींनी हात झटकले. छपराच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला पंधराशेच्या घरात जावं लागतं, म्हणजे झाळताना जस्ताची वाफ होणारच. ती वाफ छातीत गेली की रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि टाकाही सच्छिद्र होतो. त्यामुळे २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा साधा सीआरसी पत्रा दापोलीहून आणला.

आधी पुठ्ठा. भोकावर पुठ्ठा धरून कड अंगठ्याने दाबत गेलं की तिचा ठसा उमटतो. त्या ठशावर कात्री, मग तो पुठ्ठा पत्र्यावर ठेवून आखणी. तुकड्याचे कोपरे गोल ठेवायचे, कारण टोकदार कोपऱ्यावर उष्णता साठते आणि पत्रा तिथून वाकतो. केबिनच्या कोपऱ्याचा बाक एका दिशेचा नसतो. तो खालीही वळतो आणि मागेही. मिस्त्रींनी तुकडा वाळूने भरलेल्या कातडी पिशवीवर ठेवला आणि लाकडी हातोडीने मधोमध ठोके देत फिरवत राहिले. ठोका जोरात नाही, पण जागचा हलत नाही. चार-पाच ठोक्यांनंतर तुकडा उचलून गाडीला लावून बघायचा, पुन्हा खाली. हे इतक्या वेळा झालं की बघणाऱ्याला कंटाळा यावा. शेवटी तुकडा भोकात असा बसला की कडेने केसभर फट सगळीकडे सारखी राहिली. ती मुद्दाम ठेवायची असते. तापल्यावर पत्रा पसरतो, त्याला जागा नको का?

मिस्त्री वाढले गॅसवर. गॅसची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते, पण पसरट असते, आजूबाजूचा वीतभर पत्रा तापून लाटा धरतो. यावेळी मामाच्या मुलाने भाड्याने मिग वेल्डिंगचं मशीन आणलं, ०.८ मिलिमीटरची तार आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. मिस्त्रींनी आधी नाक मुरडलं आणि भंगार पत्र्यावर हात बसवून घेतला. टाक्याची रीत अशी: एक टाका वर, दुसरा थेट समोर खाली, तिसरा डावीकडे, चौथा उजवीकडे. प्रत्येक टाका म्हणजे क्षणभराचा चर्रर्र आवाज, लाल ठिपका, मग त्याभोवती निळसर कडं. कडं विझेपर्यंत पुढचा टाका नाही. हात लावून बघायचा. हात टिकत नसेल तर चहा घ्यायचा. अशा टाक्यांच्या मधल्या जागा भरत भरत सलग ओळ होते. एका दमात ओळ ओढली की गेलाच पत्रा. मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरायची. वितळलेलं लोखंड तिला चिकटत नाही, उष्णता मात्र ती ओढून घेते आणि भोक पडायचं टळतं. संध्याकाळी वाडीतले पंप चालू झाले की व्होल्टेज पडायचं आणि टाका पत्र्यात न शिरता नुसता वर गोळा होऊन बसायचा. मग मशीन बंद.

फाळक्याची बिजागरं आणि साखळीच्या कड्या इतक्या गंजल्या होत्या की वायर ब्रशने त्यांचा कोपरा न् कोपरा निघणं शक्य नव्हतं. त्यासाठी खळ्याच्या कडेला प्लास्टिकची बादली मांडली. बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची वजा तार बिजागराला, अधिक तार बादलीत सोडलेल्या भंगार लोखंडी पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. चार्जर चालू केला की बिजागरावरून बारीक बुडबुडे उठतात. तो हायड्रोजन, म्हणून हे उघड्यावरच करायचं, जवळ विडी-काडी नको. हळूहळू पाण्यावर तपकिरी साय धरते. दुसऱ्या दिवशी बिजागर बाहेर काढलं तर गंजाच्या जागी काळा चिखल, आणि तो कापडाने पुसला की खाली घडवलेल्या लोखंडाच्या मूळ रेषा. चांगला धातू तसाच राहतो, अ‍ॅसिडसारखा खाल्ला जात नाही. एक मात्र पाळायचं: अधिक तारेला स्टेनलेस स्टीलचा चमचा-पळी लावायची नाही. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं.

जिथे पत्रा धड होता पण खड्डे पडले होते, तिथे फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं द्रावण लावलं. ते गंजाचं रूपांतर फॉस्फेटच्या थरात करतं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे त्यामागेही फॉस्फरसच आहे. त्या लोखंडात तो आजच्या पोलादापेक्षा बराच जास्त आहे आणि त्यातून पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा धरला, हे कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. दिल्लीची कोरडी हवाही कामी आली, हेही खरं. हर्णैला तो स्तंभ किती टिकला असता कोण जाणे.

पुढचं भराभर झालं. टाके घासून सपाट केले, अ‍ॅसिडचा अंश धुऊन पत्रा पूर्ण सुकवला, आणि उघड्या पत्र्यावर लगेच दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर दिला. रेडऑक्साइड स्वस्त असतो, पण एकट्याने पाणी अडवत नाही. लांबी लागली ती या प्रायमरच्या वर आणि अगदी पातळ. ती घासली कोरडी. जोडांवर सीलर ओढला. रंग होता तोच पांढरा ठेवला, कारण रंग बदलला की आरसी बुकावर नोंद करून घ्यावी लागते, आणि जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंगला जावंच लागतं, तिथे आणखी एक कागद कोणाला हवाय?

शेवटी दारांच्या, कोपऱ्यांच्या आणि फाळक्याच्या पोकळ्यांत लांब नळीने मेण फवारलं. गावाकडे यासाठी जळकं ऑइल मारतात. काही दिवस त्याचा उपयोग होतो, पण पहिल्याच जोरदार पावसात ते धुऊन विहिरीच्या वाटेला लागतं आणि गाडीची रबरंही फुगवतं. मेण महाग आहे, तरी त्यावरच पैसे घालावेत. रंगावर घातलेले पैसे दिसतात, मेणावर घातलेले दिसत नाहीत, म्हणून लोक रंगावर घालतात.

तुमच्या दारात जुनी पिकअप, जीप किंवा कसलीही पत्र्याची गाडी असेल तर मिस्त्री शोधण्याआधी एक करा. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात आणि ती बहुतेक वेळा मातीने बुजलेली असतात. मृग लागायच्या आत ती तारेने मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओतून ते खालून निघतंय का बघा, आणि पायाखालची मॅट उचलून उन्हात टाका.