ऐझॉल चॅम्पियन झाला, पण कोच गेला : छोट्या क्लबला यशस्वी प्रशिक्षक टिकवणं इतकं अवघड का?

गावच्या कबड्डी संघाने जिल्ह्यात नाव काढलं की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. गावात मिरवणूक निघते, आणि पुढच्या हंगामाआधी संघ घडवणाऱ्या मास्तरांना शहरातल्या मोठ्या मंडळाचा फोन येतो. फुटबॉलमध्येही हेच होतं, फक्त आकडे मोठे असतात. भारतात याचं सगळ्यात ठळक उदाहरण मिझोरमच्या ऐझॉल एफसी या क्लबचं आहे. त्या गोष्टीतला प्रशिक्षक मुंबईच्या मैदानांवरून तिकडे गेलेला होता.

आधी क्लबची ओळख

मिझोरम हे डोंगराळ राज्य. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 11 लाख, म्हणजे साधारण आपल्या हिंगोली जिल्ह्याएवढी. पण फुटबॉलचं वेड मोठं. 2012 मध्ये तिथे मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली, सामने स्थानिक केबल चॅनेलवर दिसू लागले आणि 2014 मध्ये मिझोरमने संतोष करंडक जिंकला.

ऐझॉल एफसी हा त्याच मातीतला क्लब, स्थापना 1984 ची. 2015-16 च्या हंगामात तो पहिल्यांदा आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये पोहोचला. पहिल्याच वर्षी 9 संघांत आठवा आला. शेवटचा क्रमांक पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सचा होता, पण नव्याने आलेला कॉर्पोरेट संघ म्हणून त्यांना खाली ढकलता येत नव्हतं. त्यामुळे गदा ऐझॉलवर आली.

पुढे गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. म्हणजे ज्या हंगामात हा क्लब चॅम्पियन झाला, त्या हंगामात तो खरं तर खेळणारच नव्हता.

मुंबईने सोडलं, मिझोरमने उचललं

खालिद जमील हे भारताकडून खेळलेले माजी खेळाडू. खेळणं थांबल्यावर ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि 2009 ते 2016 अशी सात वर्षं राहिले. संघ फार वर जात नव्हता, पण कमी पैशात दरवर्षी लीगमध्ये टिकून राहत होता. 2016 मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला.

2016-17 चा हंगाम तोंडावर आलेला असताना जमील ऐझॉलला गेले. मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही ऐझॉलच्या संघात होते. गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स, सीरियाचा मधल्या फळीतला महमूद अल अमना आणि बाकी बरीचशी मिझो पोरं असा हा संघ. कोलकात्याच्या किंवा बंगळुरूच्या क्लबांपुढे खर्चात कुठेच न बसणारा.

22 एप्रिल 2017 ला ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 ने हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता आणि विजेतेपदाला एक बरोबरी पुरेशी होती. शिलाँग लाजाँगने सुरुवातीलाच गोल केला, दुसऱ्या डावात ऐझॉलने फेडला. सामना 1-1 सुटला. 18 सामन्यांत ऐझॉलचे 37 गुण, मोहन बागानचे 36. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची अव्वल लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली. ज्याला सोडलं तो चॅम्पियन झाला, आणि ज्यांनी सोडलं ते लीगबाहेर फेकले गेले.

मग कोच थांबला का नाही?

विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच जमील कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. तेव्हाच्या बातम्यांनुसार एका हंगामासाठी त्यांना सुमारे सव्वा कोटी रुपये मिळणार होते. भारतीय प्रशिक्षकासाठी ही रक्कम मोठीच. अल अमनाही ईस्ट बंगालला गेला, राणे आणि मेहता कोलकात्याच्याच एटीकेकडे. चॅम्पियन संघ एका उन्हाळ्यात विस्कटला.

लोक म्हणाले, पैशासाठी गेला. पैसा तर होताच, पण एवढ्यावर विषय संपत नाही. त्यामागे तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण कराराचं. भारतात प्रशिक्षकांचे करार बहुतेक वेळा एक-दोन हंगामांचे असतात. छोट्या क्लबला पुढच्या वर्षी प्रायोजक राहील की नाही हेच माहीत नसतं, म्हणून तो लांबचा शब्द देत नाही. हरलो तर मास्तर बदलता येतो, ही सोय असते. पण जिंकलो तर मास्तर मोकळा होतो, हे तेव्हा कुणी लक्षात घेत नाही.

दुसरं कारण नोकरीच्या भरवशाचं. प्रशिक्षकाची नोकरी चार-पाच पराभवांत जाऊ शकते. त्यामुळे नाव चालतंय तोवर मोठी संधी घ्यावी, असा विचार करणाऱ्याला बेइमान म्हणता येत नाही. सात वर्षं देऊनही मुंबईत काय झालं, हे जमील यांनी पाहिलेलंच होतं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि ते क्लबच्या हातातलं नव्हतं. ऐझॉलला वर चढायला पायरीच नव्हती. इंडियन सुपर लीग त्या वेळी फ्रँचायझींची होती. आय-लीग जिंकली म्हणून तिथे प्रवेश मिळत नव्हता. ऐझॉलने जागा मागितली, क्लबचे मालक रॉबर्ट रॉयते यांनी उपोषणाचा इशाराही दिला, तरी उपयोग झाला नाही. अशा वेळी क्लब प्रशिक्षकाला सांगणार काय? “थांबा, पुढच्या वर्षी अजून वर जाऊ” हे वाक्यच त्यांच्याकडे नव्हतं.

विजेतेपदामुळे आशियाई स्पर्धांचं दार तेवढं उघडलं. जानेवारी 2018 मध्ये ऐझॉल एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात इराणच्या झोब अहानशी खेळला आणि 3-1 ने हरला. ज्यांनी तिथवर आणलं, ते प्रशिक्षक तेव्हा कोलकात्यात होते.

इंग्लंडमधले क्लब काय करतात?

तिथेही छोट्या क्लबांचे प्रशिक्षक पळवले जातातच. फरक असा की बरेच क्लब जाण्याची किंमत आधीच करारात लिहून ठेवतात. करार चार-पाच वर्षांचा असतो. मध्येच कुणाला न्यायचं असेल तर नेणाऱ्या क्लबने भरपाई द्यायची.

सप्टेंबर 2022 मध्ये चेल्सीने ब्रायटनचे प्रशिक्षक ग्रॅहम पॉटर यांना नेलं. प्रशिक्षक आणि त्यांचे सहकारी मिळून ब्रायटनला दोन कोटी पौंडांहून जास्त मिळाल्याच्या बातम्या आल्या. ब्रायटन रडत बसला नाही. काही दिवसांतच इटलीचे रॉबर्टो दे झेर्बी आले आणि हंगामाअखेर क्लब सहावा येऊन पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेसाठी पात्र ठरला. खेळाडू शोधण्याची आणि निवडण्याची पद्धत क्लबची होती, एका माणसाची नव्हती. त्यामुळे माणूस गेला तरी घडी मोडली नाही.

दुसरं उदाहरण इप्सविचचं. किरन मॅकेना यांनी हा क्लब लागोपाठ दोन वर्षांत तिसऱ्या पातळीवरून प्रीमियर लीगमध्ये आणला. 2024 मध्ये मोठे क्लब त्यांच्या मागे असल्याची चर्चा होती. इप्सविचने 2028 पर्यंतचा नवा करार देऊन त्यांना राखलं. तरीही पुढच्याच हंगामात, 22 गुणांवर, संघ पुन्हा खाली गेला. म्हणजे कोच टिकवला की काम झालं, असंही नाही. वरच्या लीगला पुरे पडेल असा संघही उभा करावा लागतो.

आपल्या मंडळांनी यातून काय घ्यायचं?

कोल्हापूरच्या पेठांमध्ये तालमींचे फुटबॉल संघ आहेत, गावोगावी कबड्डी, खो-खोची मंडळं आहेत. तिथे कोटींचे व्यवहार नसतात, पण अडचण हीच असते. काही गोष्टी मात्र कमी पैशातही करता येतात.

- मास्तरांशी तोंडी नाही, कागदावर ठरवा. किती वर्षं, मानधन किती, आणि मध्येच जायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं.
- बोलणी हंगाम संपायच्या आधी करा. करंडक हातात आल्यावर भाव वाढलेला असतो आणि दुसऱ्यांचे फोनही सुरू झालेले असतात.
- मास्तरांच्या हाताखाली गावातलाच एखादा माजी खेळाडू तयार ठेवा. सराव कसा होतो, कोणता पोरगा कुठे खेळतो, याची वही मंडळाकडे असू द्या.
- पुढची पायरी दाखवा. जिल्हा जिंकला, तर पुढे कोणती स्पर्धा, खर्च कोण करणार, हे सांगता आलं पाहिजे.
- जाणाऱ्याला चांगला निरोप द्या. शिव्या देऊन पाठवलेला मास्तर परत येत नाही, आणि नवा मास्तरही ते ऐकून असतो.

पुढे काय झालं?

आय-लीग विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश मिळू लागला तो 2023 पासून. पंजाबचा संघ त्या वाटेने वर गेला, त्यानंतर 2024 मध्ये कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग. ऐझॉलच्या विजेतेपदाला तोवर सहा वर्षं उलटली होती.

जमील ईस्ट बंगालमध्ये एकच हंगाम राहिले. पुढे मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर असा प्रवास झाला. ऑगस्ट 2025 मध्ये, जमशेदपूरचे प्रशिक्षक असतानाच, त्यांची भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड झाली. जमशेदपूरच्या पाठीशी टाटांसारखा उद्योगसमूह आहे, पण यशस्वी मास्तर त्यांच्याही हातून गेलाच.