कराचीच्या बंद झालेल्या वाटा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून उडाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. जुहू आमच्या जोगेश्वरीपासून पाच-सहा किलोमीटरवर. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा प्रांत झाला १९३६ साली. कराचीतल्या १८५५ च्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे, आणि ते अजून टिकून आहे.

फाळणीनं कराची आणि मुंबई या दोन शहरांत माणसांची अदलाबदल झाली. सिंधी कल्याणच्या छावणीत आले, मुलुंड-चेंबूरला स्थिरावले. इकडून कराचीला गेलेल्यांत कोकणी मुसलमानही होते. त्यामुळे रत्नागिरी-रायगडहून येऊन जोगेश्वरी पश्चिमेला राहिलेल्या एखाद्या घरात मामू किंवा फूफी कराचीची असणं नवलाचं नव्हतं. पाहुणे येत, पण व्हिसा ठरावीक शहरांचाच. मुंबई लिहिली असेल तर मुंबईच. पोलिसांत नोंद करायची आणि खेडचं आजोळ न बघताच परतायचं.

१९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोखरापार रेल्वे तुटली. १९९४ मध्ये मुंबईतलं पाकिस्तानी कॉन्सुलेट बंद झालं, त्याच वर्षी कराचीतलं भारतीयही. मग व्हिसासाठी मुंबईकरानं दिल्ली गाठायची आणि कराचीकरानं इस्लामाबाद. म्हाताऱ्या माणसांचं जाणं-येणं खरं तर तिथंच संपलं.

याच काळात जोगेश्वरीत जे घडलं ते मला या सगळ्यापासून वेगळं काढता येत नाही. ८ जानेवारी १९९३ च्या पहाटे गांधीनगरच्या राधाबाई चाळीत माणसं जिवंत जाळली गेली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत शहरात ९०० माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांतले ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. नंतर लोक आपापल्यांत राहायला गेले आणि मधल्या गल्लीला सहज ‘बॉर्डर’ म्हणू लागले. कराचीला पत्र टाकणाऱ्या घरांना पाकिस्तान फूफीच्या अक्षरातून माहीत होता. बाकीच्या मुसलमानांवर तो न बघताच लादला गेला. हा अन्याय होता, आणि तो आम्ही शेजाऱ्यांनी केला.

२००६ ला थार एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा मुनाबाव-खोखरापारची वाट पुन्हा उघडली. आधी जोधपूर गाठायचं, मग सीमेवर तासन्‌तास तपासणी. तरी लोक गेले, कारण विमानापेक्षा ते परवडणारं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तीही थांबली. पहलगामच्या हत्याकांडानंतर, २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये व्हिसे रद्द झाले, अटारीची चौकी बंद झाली, टपालही थांबलं. निरपराध पर्यटकांना मारणाऱ्यांविषयी राग असणं योग्यच आहे. पण कराचीतल्या सत्तरीच्या बहिणीचं पत्र अडवून त्यांतला एकही मारेकरी हाती लागत नाही.

एक व्यवहार मात्र चालू राहिला. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. जुलै २०२५ च्या पाकिस्तानी यादीत १९३ मच्छीमार होते. पोरबंदर-ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे डहाणू-तलासरीचे आदिवासीही असे पकडले जातात आणि कराचीच्या मलीर तुरुंगात पोहोचतात. त्यांची घरं आमच्याच पश्चिम रेल्वेवर, विरारच्या पुढे आहेत.