ताऱ्यांच्या तेजाचे मोजमाप

अढळपणाचा दाखला द्यावयाचा तर आपण ध्रुवाकडे बोट दाखवितो. पण हा ध्रुवसुद्धा सुमारे चार दिवसांच्या अंतराने किंचित फिका होतो आणि पुन्हा उजळतो. ज्यांचे तेज असे कमीअधिक होत राहते, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांचे तेज मोजणे हे केवळ मोठ्या वेधशाळांचेच काम आहे असे मात्र नाही. सहा इंच व्यासाची दुर्बीण आणि तिला जोडलेला साधा कॅमेरा एवढ्या सामग्रीवर हे काम घराच्या गच्चीवरून करता येते.

उदाहरणासाठी सप्तर्षींच्या चौकोनाच्या पश्चिमेकडील एक तारा घेऊ. त्याचे नाव डब्ल्यू अर्सी मेजॉरिस. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीतून एकच ठिपका दिसतो, परंतु वस्तुतः तेथे दोन सूर्य आहेत, आणि तेही एकमेकांना अक्षरशः चिकटलेले! अवघ्या आठ तासांत ते एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. या फेरीत एकदा पहिला दुसऱ्याच्या आड येतो, एकदा दुसरा पहिल्याच्या. त्यामुळे दर चार तासांनी या जोडीचा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. ज्योतिषाच्या भाषेत तिची प्रत सुमारे ७.८ वरून ८.५ पर्यंत उतरते.

प्रतीचे हे गणित नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ साली पक्के केले. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज. एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीचपट. हेच पॉग्सन १८६१ पासून मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख होते, आणि तेथील त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली एक नवा रूपविकारी तारा शोधून काढला होता.

आता कॅमेऱ्याकडे वळू. त्याच्या पडद्यावर लक्षावधी सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशी आपल्यावर पडलेला प्रकाश मोजून ठेवते. धान्याचे मापटे काठोकाठ भरले की वरून ओतलेले धान्य सांडते आणि हिशेबात येत नाही, पेशीचेही तसेच. म्हणून तारा चित्रात डोळ्यांत भरेल इतका प्रखर येऊ देऊ नये. उलट दुर्बिणीचा फोकस थोडा ढळवावा, म्हणजे प्रकाश अनेक पेशींवर पसरतो. कॅमेरा स्वतःच्या हुशारीने सजवून देतो ते देखणे चित्रही येथे निरुपयोगी. त्याने नोंदलेले मूळ आकडेच घ्यावे लागतात. मग संगणकावर ताऱ्याभोवती एक वर्तुळ कल्पून आतील प्रकाशाची बेरीज करावयाची, आणि भोवतालच्या रित्या आकाशाचा उजेड त्यातून वजा करावयाचा.

एवढे करून हाती येणारा आकडा मात्र एकटा असेतोवर काहीच सांगत नाही. प्रकाश कमी झाला तो ताऱ्याचा, की वर पातळ अभ्र आले, की तारा क्षितिजाकडे कलल्यामुळे अधिक हवा मध्ये आली? याचा निवाडा शेजारचा तारा करतो. ज्याचे तेज स्थिर असून ठाऊक आहे आणि ज्याचा रंग आपल्या ताऱ्याशी जुळतो, असा तुलनातारा त्याच चित्रात असावा लागतो. अभ्र आले तर दोघेही सारखेच मंदावतात आणि त्यांच्यातील फरक तसाच राहतो. शिवाय तिसरा एक साक्षीतारा घ्यावा. न जाणो, तुलनाताराच लहरी निघाला तर! हौशी मंडळी कंटाळा करतात तो नेमका या साक्षीच्या बाबतीत, आणि साक्षीविना केलेले मोजमाप मग कोणी विचारात घेत नाही.

वेळेची नोंदही सेकंदापर्यंत चोख हवी. अशा जोड्यांत एका ताऱ्याचे द्रव्य दुसऱ्याकडे वाहत असते, आणि त्यामुळे फेरीच्या काळात अत्यल्प बदल होत जातो. एका रात्रीत तो जाणवणारही नाही. पण मंदतम तेजाचा क्षण वर्षानुवर्षे टिपला, तर तो अपेक्षित वेळेच्या पुढे किंवा मागे सरकू लागलेला दिसतो. हे काम पिढ्यांचे आहे, आणि मध्येच वही कोरी राहिली तर ती मागाहून भरून काढता येत नाही.

अशी वही भरणारा एक माणूस पूर्व बंगालमधील जेसोर येथे होता. राधागोविंद चंद्र हे तेथील सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी करीत. त्यांच्या निरीक्षणांचे मोल ओळखून अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेने १९२६ साली त्यांच्याकडे सहा इंची दुर्बीण धाडली. कॅमेरा नव्हता, शेजारच्या ताऱ्यांशी डोळ्यांनीच तुलना करून त्यांनी आयुष्यभरात ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. अमेरिकेत दिवस असताना आपल्याकडे रात्र असते, त्यामुळे तिकडे जी वेळ हुकते ती येथे सापडते. ही संघटना आजही जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी स्वीकारते.

महाराष्ट्रातून पाहणाऱ्यास फेब्रुवारीचा मध्य सर्वांत सोयीचा. त्या दिवसांत ही जोडी रात्री आठपासून पहाटे चारपर्यंत क्षितिजापासून बरीच उंच असते. म्हणजे एका बैठकीत तिची पुरी फेरी हाती लागते. दर मिनिटास एक चित्र घ्यावे आणि पहाटेच्या दवापासून भिंग जपावे.