आडपडद्याची किंमत

घरबसल्या चित्रपट पाहणाऱ्याने कोणत्या संकेतस्थळाशी संपर्क साधला, हे त्याला इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला कळू शकते. व्हीपीएन ही माहिती सांकेतिक आवरणात झाकते. कंपनी चित्रफितींचाच वेग रोखत असेल, तर चित्रपटही सुरळीत दिसतो. एरवी मात्र लांबच्या वळणामुळे वेग बहुधा घटतोच. शिवाय झाकलेले गुपित व्हीपीएनचालकाच्या हाती जाते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने अशा चालकांना ग्राहकांची नावे-पत्ते ५ वर्षे जपून ठेवण्याचे फर्माविले. काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलविले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिला आहे. तेव्हा नोंदींची सक्ती करणाऱ्या शासनाने त्या कोणी व केव्हा पाहाव्यात, याच्या मर्यादाही तितक्याच काटेकोरपणे पाळावयास हव्यात.